नारळानं सांगितलेली बोरिंग

माझी स्कूटर आणि माझा संसार एकाच वर्षी सुरू झाले, आणि दोघांपैकी आधी कुरकुरायला लागली ती स्कूटर, हे मी आजही अभिमानानं सांगतो. (बायको कोकिळा जवळपास नसेल तेव्हा.)

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी वर्ध्याला एका कचेरीत कारकून होतो. नंबर लावून, वाट पाहून पाहून मिळालेली ती स्कूटर. लग्नानंतर पहिल्याच रविवारी कोकिळेला मागं बसवून पवनारला नेलं, तर धाम नदीच्या पुलाजवळ गाडी बंद पडली आणि नव्या नवरीनं पदर खोचून हसत हसत धक्का मारला. धक्का मारणारी बायको मिळाली म्हणून नदीकाठी बसून मी देवाचे आभार मानले. (पुढंही गाडी नेमकी तिथंच बंद पडायची. तिलाही जागा आवडली असावी.)

पण काही वर्षांतच गाडी पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पीत होती. आवाज तर असा, की मी चौकात वळलो की गल्लीतली कुत्री उठून बसत. मेकॅनिक बंडूजींनी इंजिन खोललं, पुन्हा बंद केलं आणि हात पुसत निकाल दिला, "बाबूजी, दोनच रस्ते हायेत. एक तं नवं इंजिन टाका, नाई तं बोरिंग करून पिस्टन बदला."

बोरिंग म्हणजे सिलिंडर आतून कोरून सारखा करायचा, एवढं मला समजलं. काय करावं ते समजेना. गाडी घरी आणून अंगणात उभी केली आणि कोकिळेला विचारलं, तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"इंजिन बदलू नका जी. आवाज बदलून जाईन."

"अवं, चांगला होईन ना!"

"नाई. तुमी चौकातून वळले का मले आयकू येते. मंग मी चहा मांडतो."

खरं होतं ते. मी दारात पोचायचो तेव्हा चहा कपात असायचा. घरात बरेचदा भज्यांचा वासही दरवळत असायचा, पण तो शेजारच्या जयवंताबाईंकडचा, असं कोकिळाच सांगायची. मी पार विरघळलो. नवऱ्याच्या गाडीच्या खडखडाटावर जीव टाकणारी बायको किती जणांना मिळते?

पण कचेरीतले सगळे नव्या इंजिनाच्या बाजूचे. माझं मन डळमळायला लागलं. शेवटी सासऱ्यांना विचारायचं ठरवलं. सासरे रूपराव, सिंदी रेल्वे या गावचे कास्तकार, म्हणजे शेतकरी. त्यांच्या शब्दाशिवाय आमच्या घरात कॅलेंडरही टांगलं जात नसे. सिंदीहून रोज कचेरीत येणाऱ्या गुलाबरावांजवळ मी निरोप दिला, "मामाजींना विचारा, इंजिन बदलू का बोरिंग करू?"

रविवारी सकाळी मामाजी स्वतःच हजर! सोबत पुनाजी नावाचे एक गंभीर गृहस्थ, हातात नारळ.

"जवाईबापू, इंजिनाचं सोडा!" मामाजी फाटकातूनच गरजले. "विहिरीत पाणीच नसन तं नवं इंजिन काय हवा ओढीन? बोरिंगच करा. पुनाजीले आणलं, पाणी पाह्याले."

आता आमच्याकडे इंजिन म्हणजे विहिरीवरचं आणि बोरिंग म्हणजे जमिनीतली, हे मला निरोप देताना सुचायला हवं होतं.

"मामाजी, ते इंजिन म्हणजे..."

"तुमी चूप राहा. आता नारळ बोलन."

मामाजींसमोर माझं एकही वाक्य कधी पुरं झालेलं नव्हतं. पुनाजींनी चपला काढल्या, तळहातावर नारळ आडवा ठेवला (तो उभा राहिला की खाली पाणी) आणि अंगणात फिरू लागले. गल्ली जमा झाली. घरमालक वासुदेवराव टॉवेलवरच धावत आले. "माह्या अंगणात बोरिंग? अन् मले नाई विचारलं?"

नारळ तुळशीपाशी हलला नाही, न्हाणीपाशी हलला नाही. स्कूटरजवळ मात्र ताठ उभा राहिला.

"इथं हाय!" पुनाजी ओरडले. "पाहा, जमीन ओली झाली!"

"पुनाजी, ते ऑइल आहे," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मामाजींना सगळं पुरं सांगितलं.

चारचौघांत सासऱ्यांचा पचका केला, आता हे माझ्या घरचं पाणी पिणार नाहीत, या विचारानं मी स्कूटरच्या मागं सरकलो. मामाजींनी स्कूटरकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग बरोबरच तं झालं! इंजिनाजवळ नारळ उठला. बोरिंगच करा!"

निकाल लागला. मामाजींनी नारळ स्कूटरच्या पुढच्या चाकाशी फोडला आणि पहिला तुकडा वासुदेवरावांना दिला.

बंडूजींनी बोरिंग अशी केली की विचारू नका. सावंगीच्या रस्त्यावर तेव्हा दोन्ही बाजूंना तुरी होत्या. त्यांमधून गाडी वाऱ्यासारखी गेली आणि आवाज म्हणाल तर शिलाई मशीनचा. मोठ्या खुशीत घरी आलो. कुत्री झोपलेली. दारात पोचलो, तर चहा नाही.

आत अर्ध्या गल्लीतल्या बाया. मध्ये भज्यांची परात. जयवंताबाई डोक्यावर माझी टोपी घालून, पाटावर एक पाय आपटत माझी किक मारत होत्या. "चालू होय वं माय, चालू होय!" (हे शब्द मी गाडीशी एकांतात बोलतो, असा माझा समज होता.) कोकिळा तर हसून हसून भिंतीला टेकली होती. इतकं मोकळं हसताना मी तिला पवनारच्या त्या रविवारनंतर पाहिलंच नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण मला ती फार आवडली.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

"अगं बाई! आवाज न देता काऊन आले? चौकातून आयकू आले का आमी सारं आवरून घेत होतो ना!"

दुसऱ्या दिवशी मी बंडूजींकडे जाऊन सायलेन्सर ढिला करून मागितला. "बाबूजी, लोकं आवाज कमी कराले येतात," ते म्हणाले. मी म्हटलं, "घरचा मामला हाय."

तेव्हापासून गल्लीतली कुत्री पुन्हा वेळेवर उठू लागली आणि मी दारात पोचलो की चहा कपात असायचा. भजी मात्र तोवर संपलेली असायची.