सासूबाईंनी शाफ्ट घासला

राजमा-भात जेवून परतलेल्या अन्सेल्मोला पंपाच्या शाफ्टमध्ये, त्या फिरत्या दांड्यात, स्वतःचा चेहरा दिसला. सकाळभर पोलादी छर्‍यांचा मारा करून त्याने त्या स्टेनलेस स्टीलची कातडी ठोकून कडक केली होती. दिसायला मळकट, संत्र्याच्या सालीसारखी. पण उसाच्या रसातल्या वाळूपुढे टिकायचं तर तीच हवी. आता शाफ्ट आरशासारखा लखलखत होता.

"कोणी केलं हे?"

"मी," सासूबाई झुल्मिरा पॉलिशचं मशीन पुसत म्हणाल्या. वर्कशॉप त्यांचं, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेली त्यांची पातेली बघायला सारं सेर्तांवझिन्यो गाव येई. "असलं काळवंडलेलं काही माझ्या दारातून जाणार नाही, जावईबापू."

"आई, ते पातेलं नाही. सगळा कडक थर घासून काढलात तुम्ही."

"मग परत ठोक."

परत ठोकायला तासभर हवा, आणि शाफ्ट तपासायला आलेली साखर कारखान्याची इंजिनियर ओतासीलिया फाटकात गाडी लावत होती. गेल्या वर्षी याच वर्कशॉपने दिलेला शाफ्ट ऐन हंगामात झिजून पंप बंद पडला होता. हा नापास झाला की कारखान्याचं काम कायमचं गेलं, आणि वर्कशॉप तर त्याच कामावर चाललेलं.

सासूबाईंनी ॲप्रन झटकला. "तू आत हो. हिला मी बघते."

इंजिनियरबाईंपुढे कॉफी आली, मक्याचा केक आला, मग एकेक पातेलं दाखवून झालं. भिंतीपलीकडे पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडाट.

"कसला हो आवाज?"

"जावई माझा. राजमा पचत नाही त्याला. घे अजून एक तुकडा, किती वाळलीयेस."

चौथ्या कपाला ओतासीलिया उठलीच. अन्सेल्मोने घाम पुसत शाफ्ट पुढे केला. तिने त्यावर नख फिरवलं, भिंग लावलं. ताटली घेऊन मागोमाग आलेल्या सासूबाईंनी त्या मळकट रंगाकडे पाहून तोंड फिरवलं.

"पास," ओतासीलिया म्हणाली. "पण मागचा का नाही असा दिलात? तो तर समोर धरून दाढी करावी इतका चकचकीत होता."

मागच्यावरही अन्सेल्मोने असाच मारा केला होता. पोहोचता मात्र सासूबाईंनी केला होता. आणि त्या झिजेचा दोष देत पोलाद विकणार्‍या बेनेवेनुतोला त्याने वर्षभर चर्चच्या पायरीवर, चारचौघांत, भेसळखोर म्हटलं होतं. त्याने हळूच सासूबाईंकडे पाहिलं.

त्या फार जपून केक कापत होत्या.

"बेनेवेनुतोला रविवारी जेवायला बोलाव," मान वर न करता त्या म्हणाल्या. "सहकुटुंब."