विटेच्या नकट्या घोड्याची मोहीम

विटेस कान नाहीत म्हणून ती टिकते. तिजसमोर विद्वानांनी जी भाषणे केली ती तिला ऐकू येती, तर ती केव्हाच ढासळती. ऐशा सोशिक लाल विटांची एक जुनी व्यापारी इमारत भर शहरात उभी होती. तिजसाठी जो रणसंग्राम जाहला, त्याचे साद्यंत वर्तमान लिहितो.

इमारतीचे मालक, राजमान्य जमीनभक्षक, यांची बहुत दिवसांची मसलत की इमारत जमीनदोस्त करावी आणि तेथे मोटारी उभ्या कराव्या, आणि मग भाडेकरू एकेक करून हुसकले, आणि तळमजल्यावर बटणवाल्या मावशी तेवढ्या उरल्या. दोन हात पसरले की दोन्ही भिंतींस लागावे एवढे त्यांचे दुकान. परंतु नवऱ्यामागे तोच त्यांचा कुल मुलूख. तो गेला तर भावजयीच्या घरी तिची बोलणी खात दिवस काढणे आले. सबब मावशींनी वारसा समितीकडे दाद मागितली. कायदा ऐसा की इमारतीचे महत्त्व सिद्ध जाहले तर हातोडा मना, न जाहले तर मालक मोकळे.

आणि मग समितीचे अध्यक्ष, वारसाधुरंधर, सर्वज्ञ, गळां दुर्बीण घालून लवाजम्यासह चालून आले. दारावर भाजल्या मातीचे एका जनावराचे मुंडके होते. नाक काळाने नेले होते. अध्यक्षांनी दुर्बीण लावोन फर्माविले की हा घोडा, सबब येथे खोगीर-लगामांची पेढी, सबब इमारत थोर. मालकांनी तत्क्षणी हल्ला चढविला.

“साहेब, शेळी आहे ती!”

“शेळीला एवढी मान असते?”

“मग घोड्याला एवढी दाढी असते?”

दाढी म्हणजे पारव्याचे घरटे. परंतु उभय सेनापती विद्वान, वर चढोन कोण पाहतो?

गर्दीत भावजय उभी होती. ती म्हणाली, “वन्सं, मला तर आमच्या ह्यांच्यासारखंच दिसतंय.”

“दादाला मध्ये आणू नकोस. घोडा म्हण,” मावशी पुटपुटल्या.

(येथे अध्यक्षांचे महत्त्वविषयक भाषण होते. ते पान वाळवीने खाल्ले. वाळवी मेली.)

अखेर फर्मान निघाले: घोडा तो घोडाच, इमारत वारसा, हातोडा मना. मावशींनी सुटकेचा श्वास घेतला, तो अर्धा आत असतानाच दुसरे कलम वाचले गेले: वारसा केवळ विटांत नसून मूळ व्यापारात आहे, सबब या दुकानी खोगीर-लगामांचाच माल विकावा, अन्यथा दुकान खाली करावे. मालक खदखदा हसले. शहरात घोडा औषधालाही नव्हता.

“या मग आमच्याकडे,” भावजय म्हणाली. “फक्त ती बटणं आणू नका.”

“आमचे हे गेल्यावर त्यांचे कमरपट्टे तुझ्याकडे ठेवले होते, त्यांचं काय केलंस तू?” मावशींनी विचारले.

आणि मग नवऱ्याचे कमरपट्टे कापिले, आणि दादाच्याही कपाटावर छापा पडला, आणि जुन्या पर्सांचे बंद जोडिले, आणि पितळी बटणे टाचून एक अजब लगाम दर्शनी टांगला, आणि फळीवर खडूने लिहिले: लगामाची बटणे. आत शर्टाची, झबल्याची, फ्रॉकची बटणे पूर्ववत मांडली. नाव तेवढे बदलले.

अध्यक्ष फेरतपासणीस आले. लगाम हाती घेतला, सद्गदित जाहले. असा अस्सल नमुना आता कोठे पाहावयास मिळतो, ऐसे वदोन त्यांनी बटणे घेण्यास आलेल्या शिंप्यांच्या रांगेदेखत तो स्वतःच्या तोंडासमोर धरिला.

“वन्सं,” भावजय म्हणाली, “अगदी मापाचा झालाय हो.”

येणेप्रमाणे मालक हटले, मुलूख मावशींकडे कायम राहिला, महत्त्व सिद्ध जाहले. फत्ते जाहली ती येथे दर्ज केली. घोडा अद्याप आला नाही.