क्रमांक एकशेचौदा

दिघोरीची तुळसा धान कापायला उभी राहिली, की बायांच्या रांगेत तिची जागा पहिली असे. तिने पुढे सरकायचे आणि बाकीच्यांनी तिच्या वेगाला वेग लावायचा, ही रीत गेली बारा वर्षे चालू होती. तुळसा डावखुरी होती. तिच्यासाठी गोमाजी लोहाराने एक विळा खास घडवला होता. त्याचे दाते उलट्या बाजूला काढलेले होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या हाती तो चालत नसे आणि दुसऱ्या कोणाचा तिच्या हाती चालत नसे. आता गोमाजीची नजर गेली होती. म्हणजे जगात तसा विळा एकच होता.

त्र्याऐंशी साली तालुक्याच्या एका कार्यालयाला ग्रामीण अवजारांचे प्रदर्शन भरवण्याचा आदेश आला. ग्रामसेवक दारी येऊन म्हणाले, "बाई, तुमचा इळा द्या. आठ दिवसांत परत." सरकारला आपला विळा बघावासा वाटतो, याचे तुळसाला बरे वाटले. तिने तो घासून, फडक्यात गुंडाळून दिला.

प्रदर्शन तीन दिवस चालले आणि पार पडले. मात्र टेबलावर जे जे काही होते, ते ते कार्यालयातले कारकून ताराचंदबाबू यांनी जडवस्तू नोंदवहीत चढवले. खुर्च्या, सतरंजी, पाण्याचा माठ आणि विळा.

पंधरा दिवसांनी तुळसा कार्यालयात गेली. "बाबू, माझा इळा द्या. धान कापाले आला हाये."

"बाई, तो आता तुमचा नाही राहिला," ताराचंदबाबू सौम्यपणे म्हणाले. "तो क्रमांक एकशेचौदा आहे. नोंदवहीत चढलेली वस्तू निकामी झाल्याशिवाय उतरत नाही."

"मंग मी गोट्यावर आपटून निकामी करतो."

"सरकारी वस्तूची नासधूस केली, तर गुन्हा होतो."

"मंग आपोआप कधी निकामी होईन?"

बाबूंनी वही चाळून पाहिली. विळ्याचे आयुष्य किती, हे तिच्यात दिले नव्हते. खुर्चीचे पंधरा वर्षे होते. "खुर्चीइतकं धरा," ते म्हणाले.

तुळसा गावी आली आणि उसना विळा घेऊन उजव्या हाताने कापू लागली. पहिल्याच दिवशी करंगळी कापली. चार दिवसांत मनगट सुजले. रांगेत पहिल्या जागी पंचफुला आली आणि तुळसा शेवटच्या जागी गेली. धानाच्या बांधीत मागे पडलेला तिचा तुकडा बाकीच्या बाया काही न बोलता कापून देत, आणि हे न बोलणेच तिला जास्त लागत असे. ती दर बाजाराच्या दिवशी कार्यालयात जाऊन बसू लागली.

अखेर तपासणीसाठी तीन अधिकाऱ्यांची समिती आली. ताराचंदबाबूंनी एकशेचौदा क्रमांकाचा विषय मांडला. प्रत्यक्ष चाचणी घ्यायचे ठरले. कार्यालयामागे वाढलेल्या गवतापाशी मोठ्या साहेबांनी विळा उजव्या हातात धरला आणि ओढला. गवत वाकले, पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या साहेबांनी जोर लावला, तर गवत मुळासकट उपटून आले. तिसऱ्या साहेबांनी दोघांचा मान राखून हलकेच ओढला.

तुळसा बाजूला उभी होती. हात बदला, हे सांगायला तिने तोंड उघडले, आणि मिटून घेतले.

"सदर विळा तीन सक्षम अधिकाऱ्यांनी स्वतः चालवून पाहिला असता कापण्यास पूर्णतः असमर्थ आढळला. सबब तो नोंदवहीतून निर्लेखित करून मूळ धारकास परत करण्यात येत आहे," असा दाखला निघाला. एक प्रत विळ्यासोबत, एक ग्रामपंचायतीला.

दुसऱ्या दिवशी तुळसा बांधीत पहिल्या जागी उभी राहिली आणि न्याहारीच्या आत सगळ्यांच्या कितीतरी पुढे गेली. तिच्यामागे कापलेल्या धानाच्या सरळ ओळी पडत होत्या. तेवढ्यात शेताचे मालक कृष्णराव कडेच्या धुऱ्यावर आले. ते पंचही होते. त्यांच्या हातात कागद होता.

"तुळसाबाई, तू मांगं जाय. निकामी इळा घेऊन पुढं राहशीन, त बाकीच्यायनं का समजाव?"

"मालक, कापून त राहिली ना मी. पाहा ना."

"ते दिसून राहिलं मले," कृष्णराव थोडे अवघडून म्हणाले. "पण तीन सायबायच्या सह्या हायेत. इथं माह्या पाहण्याले कोन विचारते?"

तुळसा मागे गेली. उरलेला सगळा हंगाम तिने रांगेच्या शेवटी उभे राहून काढला. रोज सगळ्यांच्या आधी आपला तुकडा संपवायचा आणि बाकीच्यांची वाट पाहत धुऱ्यावर बसायचे.

कृष्णरावांना हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. फक्त एवढेच, की तुळसा उत्तम कापते, यावर वाचकांनी आतापर्यंत विश्वास ठेवला आहे. तिला कापताना त्यांनी पाहिलेले नाही. इथे तसे छापलेले आहे.