येतो हं

शहागंजजवळच्या एका कार्यालयाच्या दाखले विभागात कामे का रेंगाळतात, हे शोधण्यासाठी समिती नेमण्यात आली. कर्मचाऱ्यांच्या कंबरेला आधार नाही आणि वेळेला नियोजन नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानुसार मान टेकवता येणाऱ्या, वरखाली होणाऱ्या खुर्च्या आल्या आणि टेबलाटेबलावर ‘कार्यगती’ प्रणालीचे बोलके यंत्र बसले. जागेवर येताना ‘येतो’ म्हणायचे, उठताना ‘जातो’. हजेरी लागलेल्यांसाठीच संगणक उघडणार होता. यंत्र बनवणारी मंडळी दूरची होती. त्यांनी शब्दकोश पाहिला होता, माणसे पाहिली नव्हती.

पहिल्या दिवशी सगळे ‘आलो’ म्हणत आले. यंत्र गप्प. मग विभागप्रमुख नानासाहेब चहाला उठले आणि सवयीने म्हणाले, “येतो हं.”

“स्वागत आहे. आपली उपस्थिती नोंदवली,” यंत्र म्हणाले.

“साहेब, ‘जातो’ म्हणायचंय,” लिपिक सत्यभामाबाईंनी आठवण करून दिली.

“अहो, ‘जातो’ म्हणून कुणी उंबरा ओलांडतं का? तसं एकदाच जायचं असतं.”

मग एकेक जण सकाळीच ‘येतो’ म्हणून निघून जाऊ लागला. आठवडाभरात विभाग ओस पडला आणि उपस्थिती शंभर टक्क्यांना टेकली. नव्या खुर्च्यांवरचे प्लास्टिकही निघाले नाही, त्यामुळे अहवालात फर्निचरची झीज शून्य. उशिरा ठरत होत्या त्या एकट्या सत्यभामाबाई. त्या सकाळी सवयीने ‘आले’ म्हणत, दिवसभर जागेवर बसत आणि संध्याकाळी निघताना ‘येते’ म्हणत. यंत्राच्या मते त्या रोज कार्यालय सुटताना कामावर येत होत्या. उशिराबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला.

अशात सुकेशनी आली. मुलीच्या, मेघाच्या, नर्सिंगच्या प्रवेशाला रहिवासी दाखला हवा होता आणि आजचा दिवस शेवटचा होता.

“मॅडम, तेवढा दाखला काढून द्या ना. पाचला कॉलेजची खिडकी बंद होणार.”

“देते हो, पण मी गैरहजर आहे.”

“तुम्ही तर इथंच बसल्यात की.”

“बसलेय, पण यंत्रात नाही. संगणक उघडत नाही.”

“मग म्हणा की एकदा ‘येते’. लेकराचं वरीस जाईल माझ्या.”

सत्यभामाबाईंना दया आली. त्या यंत्राकडे वळून स्पष्ट म्हणाल्या, “येते.” यंत्राने स्वागत केले, संगणक उघडला. पण इतक्या वर्षांची सवय. हात पर्सकडे गेला, पाय चपलेत गेले आणि बाई रिक्षात बसल्यावरच भानावर आल्या. परत फिरावे असे त्यांना क्षणभर वाटले. पण आज पहिल्यांदाच हजेरी कार्यालय सुटण्याआधी लागली होती, ती कशाला बिघडवा?

सुकेशनीने फळ्यावरच्या नंबरवर नानासाहेबांना फोन लावला.

“ताई, निघालोच. पाच मिनिटांत पोचतो. तुम्ही तिथंच बसा.” फोनमध्ये मागून गुलमंडी बाजारातला कापडवाला विचारत होता, “साहेब, ये रंग देखो, और निकालू क्या?”

सुकेशनी बसून राहिली. पाच वाजले. मेघाची खिडकी बंद झाली. सुकेशनी उठली, डोळे पुसले आणि रिकाम्या खुर्च्यांना रीतीप्रमाणे म्हणाली, “येते.”

“स्वागत आहे,” यंत्र म्हणाले. “बसा.”

नानासाहेबांचा राग आला ना? यायलाच हवा. फक्त एवढे सांगा, काल तुम्ही फोनवर ‘निघालोच’ म्हणालात, तेव्हा अंगावर टॉवेलच होता ना? तुमची वाट पाहणारा तोवर उन्हात उभा होता.