बांधावरचे साठ साग

आकड्यांत माझा हात कुणी धरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणूनच रविवारी गंगापूरहून सासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, तोडायची परवानगी आली. बांधावरचे साठ साग आत्ता तोडू का अजून पाच वर्षं थांबू?" तेव्हा मी म्हणालो, "मामा, अर्धा तास द्या. अख्ख्या देशाच्या लाकडाचा तक्ता पाठवतो."

"मागच्या साली कापसाचा पाठवला होता, तसा?" बायकोनं विचारलं. राजनंदिनीला वेळकाळ बघून बोलताच येत नाही.

अर्ध्या तासाचे चार तास झाले. देशात लाकूड किती निघतं ते एका साइटवर, बाहेरून किती येतं ते दुसरीवर. एकीवर वर्षं वरून खाली, दुसरीवर खालून वर. आणि सगळं घनमीटरमध्ये! मामांना घनमीटर काय कळणार, वखारीत घनफूट चालतं. म्हणून मी मायेनं एकेक आकडा पस्तीसनं गुणत बसलो. आयातीचा रकाना संपला आणि जेवायची हाक आली. जेवून उठलो, तक्ता काढला.

बघतो तर देशाचं लाकूड मुंगीएवढं आणि आयात दौलताबादच्या चांदमिनाराएवढी. असंच चाललं तर पाच वर्षांनी आपल्या सागाला कोण विचारणार? तक्ता पाठवला, खाली लिहिलं, 'लगेच तोडा.'

सोमवारी सकाळी बायको चहा घेता घेता तक्ता बघत होती. "आयात घनफुटात केली. देशाचं लाकूड केलं का हो?"

मी कप तसाच ठेवून मामांना फोन लावला, तर तो घरी चार्जिंगला आणि मामा शेतात. ठेकेदार सांडू सकाळीच करवत घेऊन येणार होता.

नाक्यावर जीप उभी होती, पण भरल्याशिवाय हलेना. मीच रस्त्यात उभा राहून 'गंगापूर, गंगापूर' ओरडू लागलो. एका बाईनं मला क्लीनर समजून गाठोडं हातात दिलं. ते मांडीवर घेऊन मी मोबाइलवर उरलेला गुणाकार करत गेलो. बावीस वर्षांची झाडं, सासूबाईंनी घागरीनं पाणी घालून जगवलेली.

बांधावर पोचलो. साठच्या साठ उभे! सांडू खाली चहा पीत बसलेला. मला रडूच यायचं बाकी होतं.

"मामा, तोडली नाहीत?"

"कशाला तोडू?" मामा शांतपणे म्हणाले. "मागच्या साली तुम्ही म्हणले कापूस ठेवा. ठेवला, लई पस्तावलो. तवाच ठरवलं, जावईबापू सांगतील त्याच्या उलटं करायचं."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सवय वाईट.

"बरोबर केलंत मामा. माझंच चुकलं होतं. आता दोन्ही रकाने नीट गुणलेत. आयात चिमूटभर आहे. खुशाल पाच वर्षं थांबा."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग झाडांकडं, आणि कप खाली ठेवला.

"सांडू, करवत चालू कर."

मी धावत जाऊन पहिल्या सागाला मिठी मारली. "तोडा मामा, सगळी तोडा, आजच्या आज तोडा!"

"बंद कर रं सांडू," मामा म्हणाले.

साग अजून उभे आहेत, चांगले जाड होतायत. दर महिन्याच्या एक तारखेला मी न चुकता मामांना फोन करतो आणि कळकळीनं सांगतो, आता तरी तोडून टाका.