किसनरावांच्या पथ्याचे उद्यापन

आजाराला औषध लागते, औषधाला पथ्य लागते आणि पथ्याला माणूस लागतो. हा माणूस म्हणजे रोगीच असला पाहिजे काय, याचा विचार वैद्यकशास्त्राने पुरेसा केलेला नाही. तो १९४६ साली वरवट बकाल येथे झाला. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, त्यामुळे असे मूलभूत प्रश्न गावालाच सोडवावे लागत.

किसनराव शेतात वखर हाकत असताना वखराची धारदार लोखंडी पास त्यांच्या डाव्या पायावर आली. (त्याअगोदर थोडी मोहाची झाली होती, पण तिचा या घटनेशी काही संबंध नाही, असे ते स्वतःच सांगत.) तीन दिवस हळद झाली, चौथ्या दिवशी पाय जोड्यात मावेना, तेव्हा बायको सुभद्राबाईने त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखम धुतली आणि सल्फाच्या नव्या गोळ्या दिल्या. या गोळ्या लढाईत गोऱ्या शिपायांना देत असत, हे ऐकून किसनरावांना निम्मे बरे तिथेच वाटले.

"गोळ्या दहा दिवस, आणि पथ्य दहा दिवस," डॉक्टर म्हणाले. "एक, दारूचा थेंब नाही, ती आणि ही गोळी एका पोटात नांदत नाहीत. दोन, तिखट बंद. तीन, दोन्ही वेळा दूध आणि मऊ भात. चार, खाटेवरून उठायचे नाही. पाच, कोणाशी वाद घालायचा नाही. चुकलात तर पाय घोट्यापासून कापावा लागेल."

सुभद्राबाईला लिहितावाचता येत नव्हते, म्हणून तिने पाचही कलमे बोटांवर मोजून घेतली आणि घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

किसनरावांना पहिल्या कलमाने घोर लागला. ते पिणारे नव्हते; फक्त रोज घेत असत. घरी आल्यावर खाटेवर पडून त्यांनी विचार केला, आणि तो इतका बिनचूक निघाला की त्यांनी लगेच बायकोला हाक मारली.

"काय वं, वडसावित्रीचा उपास कोण धरते?"

"मीच धरतो."

"आन् आयुष्य कोनाचं वाढते?"

"तुमचं."

"मंग पथ्य तू धरलं त माहा पाय काऊन नाई सुधरन?"

या युक्तिवादात खोट काढणे कठीण आहे. गावचे आकडे पाहिले तर ते अशक्यच होते. घरे २१२. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बायकांनी वर्षभरात धरलेले उपास ३,४१६. बायकोच्या आयुष्यासाठी नवऱ्यांनी धरलेले उपास १ (तो महादेवरावांचा, त्या दिवशी बायको माहेरी होती आणि चूल पेटली नव्हती). हे उपास सर्वांना लागू पडतात, याचा पुरावा म्हणजे नवरे जिवंत होते. पारावर हा प्रश्न निघाला तेव्हा हजर असलेल्या नऊ पुरुषांनी पथ्य-प्रतिनिधित्वाचे तत्त्व एकमताने मान्य केले. शिवाय सुभद्राबाई जन्मात दारू प्यायलेली नव्हती, म्हणजे पथ्य आधीपासूनच चालू होते. किसनरावांनी पहिली गोळी मोहाच्या घोटाबरोबर घेतली.

सुभद्राबाईने बोटांवरची कलमे पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाली, "हाव. धरतो मी पथ्य. उठा."

"काऊन?"

"खाटेवरून उठाचं नाई, हे चौथं हाय. ते मलेच पाळा लागन ना."

ती खाटेवर निजली. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती, आणि दिवसाउजेडी पाठ टेकण्याची तिची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळा बाळंतपणाच्या होत्या. किसनरावांनी वाद घालायला तोंड उघडले, तर तिने न बोलता पाचवे बोट वर केले.

पथ्य कडक चालले. किसनराव लंगडत विहिरीवर गेले, लंगडत म्हैस पिळली, दूध तापवले, पथ्यावरच्या माणसाला नेऊन दिले. मऊ भात खाली लागला. तो त्यांनी स्वतः खाल्ला आणि तिच्यासाठी दुसरा टाकला. ज्वारीच्या भाकरीला गोल आकार देण्यासाठी दारू उपयोगी पडत नाही, हा शोधही त्यांना याच काळात लागला. तिन्हीसांजेला ते इतके थकत की बाटलीचे बूच काढण्यापूर्वीच त्यांचा डोळा लागे. म्हणजे डॉक्टरांचे पहिले कलमही चुकून पाळले जात होते, पण ते हिशेबात धरण्याचे कारण नाही.

शेजारच्या गोजरबाईने हे पाहिले. तिच्या नवऱ्याला खोकला होता. तिने लगेच त्याचे पथ्य धरले. तिसऱ्या दिवसापर्यंत गावात चौतीस पथ्ये सुरू झाली (रोगी सात). खाटा कमी पडल्या. भट्टीवर संध्याकाळी शुकशुकाट झाला, कारण सगळी गिऱ्हाईके चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली असत. सरकारला अनेक वर्षांत न जमलेली दारूबंदी अशी तीन दिवसांत झाली. सरकारने तिची दखल घेतली नाही, कारण तसा नमुना-अर्ज नव्हता.

सुभद्राबाईला मात्र खाटेवर चैन नव्हते. ती पडल्या पडल्या फक्त त्या पायाकडे बघे. चौथ्या दिवशी पाय काळानिळा दिसला आणि तिला रडूच फुटले. ते किसनरावांनी पाहिले. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

"माहं पथ्य मले वापस दे वं," ते म्हणाले.

"असं मधातच कसं देता येईन?" डोळे पुसत ती म्हणाली. "धरलेलं सोडाचं म्हनजे उद्यापन करा लागते."

उद्यापन त्याच दुपारी झाले. पाच सवाष्णी बोलावल्या, त्यांना हळदीकुंकू लावले, आणि किसनरावांनी सर्वांसमक्ष बाटली उकिरड्यावर ओतली. ओतताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले. ते कशासाठी, हे कोणी विचारले नाही. मग ते खाटेवर निजले. सुभद्राबाई उठली, चुलीपुढे बसली आणि उरलेले सहा दिवस एकही गोळी चुकू दिली नाही. पाय वाचला. करंगळी गेली. दवाखान्याच्या नोंदीत "पथ्य पाळले काय?" या रकान्यापुढे डॉक्टरांनी "होय, सपत्नीक" असे लिहिले.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला आहे. गोळ्या बदलल्या, माणसे शिकली, आणि किसनरावांच्या अडाणीपणावर हसण्याची पात्रता आपल्याला आली. वाचकांनी मोकळेपणाने हसावे. हसून झाल्यावर, गेल्या आजारात आपल्याला कोणती गोळी होती, ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, आणि कशाचे पथ्य होते, एवढे आठवून पाहावे.

आठवत नसेल तर आत हाक मारून विचारावे. ती सांगेल.