हमीदचाचांची चाळीस सुखी माणसं

हमीदचाचांच्या गाडीत कुणी उसासा टाकला की ते लगेच काच खाली करायचे. बाहेर दोह्याचं रणरणतं ऊन असलं तरी. "बाहेर टाका, भाबी. गाडीत नको," म्हणायचे आणि उसासा पुरता निघून गेल्याची खात्री झाली की काच वर.

चाचा रत्नागिरीकडचे, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसचे ड्रायव्हर. शुक्रवारी नमाजानंतर ते अल मन्सूरा भागातल्या एका हॉटेलात बसून, लिहिता न येणाऱ्या गाववाल्यांची पत्रं लिहीत. मजकूर मात्र स्वतःचा. समोरचा म्हणाला "पाठ मोडली", की चाचा लिहिणार "तब्येत ठणठणीत". कुणी हटकलं तर म्हणत, "घरच्यांना कशाला भिववायचा?"

एवढं माहीत असूनही मी माझ्या एम.ए.चं काम त्यांच्यावर सोपवलं, याला काय म्हणावं? ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचं समाजशास्त्र बाहेरून करत होते. प्रबंधाला विषय घेतला होता, 'आखातातले कामगार आणि त्यांचं घर'. कामगारांच्या खोल्यांवर बाईमाणसाला जाता येणार नाही, हे विषय ठरवताना माझ्या डोक्यातच आलं नाही. चाचांनी प्रश्नावल्यांचा गठ्ठा उचलला. "यल्ला, चला, दोन जुम्म्यांत खलास."

दोन शुक्रवारांत चाळीस फॉर्म हजर. झोप? शांत. जेवण? फर्स्टक्लास. घरची आठवण? येते, पण मजेत. मी खूश होऊन सगळं पोस्टाने धाडलं.

महिन्याभराने मार्गदर्शक बाईंचं पत्र आलं. "तुझे चाळीसही जण एकाच सुरात बोलतात. हा एकच माणूस कोण, ते आधी शोध."

बाई नुसत्या रागावल्या असत्या, तर मी नाद सोडला असता. पण त्यांनी विद्यापीठाच्या ऑफिसात खेटे घालून मला सहा महिन्यांची मुदत मिळवली होती. शेवटची. ग्रंथपालांनी तर बाहेर न्यायला मनाई असलेलं मुलाखतींवरचं पुस्तक इकडे येणाऱ्या एका गृहस्थाच्या बॅगेत घालून दिलं होतं. इतक्या जणांचे हात लागल्यावर नापास होण्याची सोयच उरली नाही.

मी चाचांना गाठलं. "हे त्या लोकांनी सांगितलं?"

"त्येनी सांगितला, मी लिवला. थोडा नीट करून."

"चाचा, हे जसंच्या तसं नसेल तर मी नापास होणार."

त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. "ह्यो कागद त्यांच्या घरी जायाचा?"

"नाही. विद्यापीठात जाईल. त्यावर नावसुद्धा नसेल."

"बायकोला कळायचा नाय?"

"नाही."

"मग आधी सांगायचा ना, भाबी."

पुढचे चार महिने शुक्रवारची पत्रं आटोपली की चाचा एकेकाला घेऊन बसत. या खेपेच्या फॉर्मांत पाठदुखी होती, जागून काढलेल्या रात्री होत्या, जन्मल्यापासून न पाहिलेल्या मुली होत्या. आणि गठ्ठ्याच्या तळाशी एक्केचाळिसावा फॉर्म होता. अक्षर चाचांचं, उत्तरंही चाचांचीच.

घरी कोण कोण? "कोणी नाय. बायको होती, गेली."

पत्रं कोणाला लिहिता? "दुसऱ्यांच्या घरी."

घरून पत्रं येतात का? "सगळ्यांची मीच वाचतो. बायामाणसं खाली लिवून घेतात, लिहिणाऱ्यास सलाम. तेवढा माझा."

रत्नागिरीला त्यांचा मोठा गोतावळा असणार, असं मी धरूनच चालले होते. तीन वर्षं त्यांच्या गाडीतून हिंडले, पण एकदाही विचारलं नव्हतं. मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

बाईंनी तो फॉर्म सगळ्यांच्या वर ठेवायला सांगितला. त्यावरूनच मला माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण सापडलं.

उत्तरं देणाऱ्यांची नावं कुठेही छापायची नाहीत, असा नियम होता. आभाराच्या पानावर मी विद्यापीठाचे, बाईंचे, ग्रंथपालांचे रीतसर आभार मानले आणि खाली आणखी दोन शब्द लिहिले. टाइपिस्टने विचारलं, "मॅडम, हे कुठल्या पत्रातलं चुकून आलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "लिहिणाऱ्यास सलाम. तसंच टाइप करा."